क्रॉस बदलला तरी थरथर जात नाही: जुन्या अमेरिकन गाड्यांचा प्रोपेलर शाफ्ट कसा तपासावा

आधी लक्षणं. क्लच सोडला की मागून "टक्" असा एकच आवाज येतो आणि रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना तो जास्त ठळक होतो. सावकाश, भिंतीच्या कडेनं गाडी नेताना खालून बारीक चिवचिव ऐकू येते, तिची लय चाकाच्या लयीपेक्षा जलद असते. सुटताना पहिल्या पंचवीस-तीसच्या वेगापर्यंत गाडी हादरते आणि मग एकदम शांत होते. काही गाड्यांत याच्या उलट होतं: साठपर्यंत काही नाही, पण सत्तर-ऐंशीला सीटखाली मुंग्या आल्यासारखं वाटतं आणि आरशात मागची गाडी पुसट दिसते. मधूनच, गिअरबॉक्सच्या मागे, गुरगुर येते. आणखी एका लक्षणाची दखल फार कमी लोक घेतात. गिअरबॉक्सचं तेल कमी होत जातं, जमिनीवर एक थेंब नसतो, आणि मागच्या हाउसिंगचा (मागच्या चाकांमधल्या, डिफरेन्शियल असलेल्या डब्याचा) प्लग उघडला की तेल बदाबदा बाहेर येतं.

यातलं काहीही झालं की आपल्याकडे निदान ठरलेलं: "क्रॉस गेलाय." क्रॉस म्हणजे गिअरबॉक्सची फिरकी मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटमधला, अधिक चिन्हासारखा तुकडा. बऱ्याचदा तो खरोखरच गेलेला असतो. पण बदलल्यावर काही महिन्यांत तीच तक्रार घेऊन गाडी परत येते, तेव्हा क्रॉसला दोष देऊन भागत नाही. त्याला कोण मारतंय ते शोधावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या शेव्हरोले, प्लिमथ, डॉज, इम्पाला यांच्यात हीच कथा पुन्हा पुन्हा दिसते, आणि जवळपास दरवेळी मूळ एकच असतं: गाडीत शाफ्टची रचना कोणती आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं. इंजिनची ताकद मागे न्यायची अमेरिकन कंपन्यांची एकच ठरलेली पद्धत कधीच नव्हती. प्रत्येक रचनेचं दुखणं वेगळं, त्यामुळे तपासणीही वेगळी.

खाली वाकून बघा, खर्च शून्य

गाडी सपाट जमिनीवर उभी करा, चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि टॉर्च घेऊन खाली बघा. गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत एक जाड, न फिरणारी नळी गेलेली दिसली, तर ती टॉर्क ट्यूब. खरा शाफ्ट तिच्या आत फिरतो. फोर्डनं मॉडेल टीपासून १९४८ पर्यंत हीच पद्धत ठेवली, शेव्हरोलेनं १९५४ पर्यंत, ब्युइकनं १९६० पर्यंत आणि रॅम्बलर क्लासिकनं तर १९६६ पर्यंत. शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून होता, त्यामुळे मुंबईतल्या जुन्या शेव्हरोलेंच्या पोटात हीच नळी सापडते.

शाफ्ट उघडा असेल, दोन्ही टोकांना जॉइंट असतील आणि हाउसिंग दोन लांब पाट्यांवर (पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) बसलेलं असेल, तर ती हॉचकिस पद्धत. १९४९ ची फोर्ड आणि १९५५ ची शेव्हरोले याच पद्धतीवर आल्या. क्रायस्लरच्या गाड्या त्याआधीपासूनच उघड्या शाफ्टच्या होत्या. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९४७ पासून जोडल्या गेलेल्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो त्याच घराण्यातल्या. मात्र त्यांचा जॉइंट वेगळा असतो, त्याबद्दल पुढे सविस्तर.

शाफ्ट दोन तुकड्यांचा असून मध्ये रबरात बसवलेलं बेअरिंग दिसलं, तर गाडी बहुधा १९५८ ते १९६४ मधली मोठी शेव्हरोले, म्हणजे इम्पाला, बेल एअर किंवा बिस्केन. त्यांची चासी इंग्रजी एक्स अक्षरासारखी आहे आणि शाफ्ट त्या एक्सच्या मध्यातून आरपार जातो.

ही ओळख आधी का करून घ्यायची, ते सांगतो. हॉचकिसमध्ये गाडी पुढे ढकलण्याचं काम पाटे करतात. टॉर्क ट्यूबमध्ये तेच काम नळी करते आणि चाकांचा सगळा रेटा गिअरबॉक्सच्या मागच्या गोळ्यातून माउंटिंगवर येतो. तेव्हा "टक्" आवाज दोन्हीकडे सारखाच आला तरी एकीकडे पाट्याचे यू-बोल्ट तपासायचे आणि दुसरीकडे गिअरबॉक्सखालचं रबर.

रस्त्यावरची चाचणी

मोकळा, सरळ रस्ता निवडा. ज्या वेगाला थरथर येते तिथं गाडी न्या आणि क्षणभर न्यूट्रल करा. इंजिन बंद करू नका. थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच सुटले, दोष चाक, शाफ्ट किंवा हाउसिंगचा. थरथर तिथंच थांबली तर पुन्हा गिअरमध्ये टाकून एकदा ॲक्सिलरेटर दाबून आणि एकदा सोडून बघा. जोर लावल्यावरच येत असेल तर संशय शाफ्टच्या कोनावर किंवा माउंटिंगवर घ्यायचा.

पुढचा प्रश्न: चाक की शाफ्ट? साधा हिशोब करा. १९५० च्या आसपासच्या शेव्हरोलेचा टायर सुमारे २८ इंच व्यासाचा. ताशी ८० किलोमीटरला तो सेकंदाला साधारण १० फेरे घेतो. मागचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे फेरे) ४.११ धरलं, तर शाफ्ट त्याच वेळी ४१ फेरे घेतो. म्हणून चाकाचा दोष स्टिअरिंगला किंवा बॉडीला सावकाश, मोजता येईल असा हलवतो. शाफ्टचा दोष मोजता येत नाही, तो गुणगुणतो. हाताच्या बोटांना हा फरक एकदा कळला की पुन्हा चुकत नाही.

शंका असेल तर टायर पुढचे मागे, मागचे पुढे करून बघा. वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर एका बाजूनं चपटे होतात आणि त्याचा दोष शाफ्टवर जातो. खाली वाकला आहात तर शाफ्टवर चिकटलेला चिखल, डांबर, अंडरकोटिंगचे गोळेही खरवडून काढा. इतक्या वेगानं फिरणाऱ्या नळीवर एका बाजूला बसलेला थर बॅलन्स बिघडवायला पुरतो. मात्र नळीवर वेल्ड केलेली लोखंडी चकती दिसली तर तिला हात लावू नका. ती बॅलन्ससाठी मुद्दाम लावलेली असते.

माउंटिंग आणि पाटे

क्रॉसच्या आधी रबरं. टॉर्क ट्यूबच्या गाडीत तर हे पहिलंच काम. रबर तेलानं भिजून मऊ झालं किंवा बसलं की गिअरबॉक्सची शेपटी खाली येते. तिथं युनिव्हर्सल जॉइंट एकच असतो. आता या जॉइंटचा स्वभाव लक्षात घ्या: कोनात फिरताना तो मागच्या बाजूला एकसारखी गती देत नाही. १० अंशांच्या कोनात प्रत्येक फेऱ्यात दोनदा मागची बाजू सुमारे दीड टक्का जलद आणि दीड टक्का मंद होते. उघड्या शाफ्टमध्ये दुसरा जॉइंट ही चूक पुसून टाकतो. टॉर्क ट्यूबमध्ये पुसणारा कुणी नाही. इंजिनिअरांनी तिथं कोनच छोटा ठेवला होता आणि तो कोन सांभाळायची जबाबदारी त्या रबरावर आहे. रबर बसलं की रचनेतला तोल गेला. मग जॉइंट कितीही नवा घाला, थरथर राहणारच.

हॉचकिसच्या गाडीत पाट्यांचे यू-बोल्ट पान्ह्यानं तपासा. सेंटर बोल्ट तुटलेला असेल तर हाउसिंग एका बाजूनं सरकलेलं दिसेल, चाक मडगार्डच्या कमानीत मधोमध नसेल. आपल्याकडे खड्ड्यांसाठी एक पाटा वाढवून गाडी उचलून घेतात. दिसायला ठीक, पण हाउसिंगची मान फिरते आणि शाफ्टचा कोन बदलतो. जुन्या अमेरिकन गाडीत डिझेल इंजिन बसवलेलं असेल, तर लांबी आणि कोन दोन्ही मूळचे राहिलेले नाहीत असंच धरून चाला.

आता हातानं जॉइंट

गाडी गिअरमध्ये नसावी, चारही चाकं जमिनीवर टेकलेली, ठोकळे लावलेले. जुन्या प्लिमथ, डॉज, डिसोटोवाल्यांनी इथं नीट लक्ष द्या: या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवरच्या ड्रमवर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललंत तर डिफरेन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी घरंगळते. तुम्ही तेव्हा खाली असाल. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे आणि हाउसिंगखाली घोड्या (जॅक-स्टँड) लावल्याशिवाय या गाडीखाली जायचंच नाही.

एका हातानं शाफ्ट, दुसऱ्या हातानं योक (क्रॉस ज्यात बसतो तो दुशाखी तुकडा) धरा आणि विरुद्ध दिशांना पिळा. मग शाफ्ट वर-खाली हलवा. चांगल्या जॉइंटमध्ये हाताला काहीच जाणवत नाही. थोडासा "कट्" जाणवला तरी तो जॉइंट गेला. क्रॉसच्या टोकावरच्या कपाच्या सीलभोवती लालसर-तपकिरी भुकटी दिसली तर ग्रीस कधीच संपलंय आणि आतल्या सुया (बारीक रोलर) गंजून घासताहेत. ती चिवचिव इथूनच येते. ग्रीस निपल असेल तर ग्रीस भरा आणि चारही कपांतून ताजं ग्रीस बाहेर येतंय का बघा. तीनमधून आलं आणि एकातून नाही, तर तो चौथा कप आतून बंद आहे. क्रॉस बदला.

काढलेला क्रॉस फेकू नका. त्याच्या दांड्यावरून नख फिरवा. सुयांच्या मापाच्या उभ्या खाचा नखाला लागल्या, तर ग्रीस संपलं होतं किंवा जॉइंट हललाच नव्हता. हो, न हलल्यानंही क्रॉस मरतो. कोन अगदी शून्य असेल तर सुया जागच्या जागी ठोके खातात आणि खळगे पाडतात. म्हणून जॉइंटला निदान अर्धा अंश तरी कोन हवा. एकाच बाजूला जास्त झीज असेल तर योकची भोकं तिरकी झालेली असतात. तिथं नवा क्रॉस घालणं म्हणजे पैसे वाया.

नवा क्रॉस बसवताना व्हाइस किंवा प्रेस वापरा. हातोड्यानं कप ठोकला की एखादी सुई आडवी पडते, कप पूर्ण आत जात नाही, सर्क्लिप खोबणीत बसत नाही. मग लोक आणखी जोरात ठोकतात. सर्क्लिप हाताच्या जोरानं बसत नसेल तर कप परत बाहेर काढा, सुया मोजा, घट्ट ग्रीसनं जागेवर चिकटवा आणि पुन्हा बसवा. बसवल्यावर जॉइंट चारही बाजूंना सहज झुकला पाहिजे.

कोन आणि रांग: इथंच बहुतेक गाड्या परत येतात

उघड्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रांगेत असावे लागतात, तरच पुढच्या जॉइंटनं केलेली चूक मागचा पुसतो. शाफ्टच्या सरकत्या, दातेरी खोबणीतून शाफ्ट ओढून काढला आणि परत घालताना एक दात इकडेतिकडे झाला, की दोन्ही चुका एकमेकींत मिसळतात. एक इम्पाला माझ्याकडे आली तेव्हा तिचं मधलं बेअरिंग नुकतंच पुन्हा बदललेलं होतं आणि सुटताना ती तशीच हादरत होती. शाफ्ट पुसून काढल्यावर जुन्या रंगाखाली कारखान्यातली खूण सापडली, समोरच्या तुकड्यावरची खूण मात्र एका दातानं बाजूला. रांग जुळवली आणि हादरा गेला. बेअरिंगचा काही दोष नव्हता, ते दुसऱ्याचा मार खात होतं. म्हणून शाफ्ट काढण्याआधी पंचनं किंवा रंगानं खूण करा, प्रत्येक जोडावर. जीपवाल्यांनीही खोबणीजवळचे बाण जुळवूनच शाफ्ट घालावा.

कोन मोजायला आता मोबाइलमधलं लेव्हल पुरतं, चुंबकाचं मीटर मिळालं तर उत्तम. गाडीचं वजन चाकांवर असलंच पाहिजे. चासीखाली घोड्या लावून हाउसिंग लोंबकळत ठेवलं तर मोजलेला कोन खोटा. तीन मापं घ्या: गिअरबॉक्सची शेपटी, शाफ्टची नळी, हाउसिंगच्या पिनियनचा फ्लँज (शाफ्ट मागे जिथं जोडतो ती चकती). शेजारच्या दोन मापांतला फरक हा त्या जॉइंटचा कोन. साध्या एकसंध शाफ्टसाठी मी दोन्ही कोन तीन अंशांच्या आत आणि त्यांच्यातला फरक एका अंशाच्या आत ठेवतो. मागचा कोन चुकत असेल तर पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये पाचर घालून तो सुधारतो. काम स्वस्त आहे, पण पाचर लोखंडी हवी आणि यू-बोल्ट नवे हवेत.

रचनेप्रमाणे खास दुखणी

टॉर्क ट्यूबच्या शेव्हरोलेत पुढचा जॉइंट गिअरबॉक्सच्याच तेलावर चालतो. नळीच्या तोंडाशी बुश आणि सील असतं. ते झिजलं की तेल शाफ्टवरून सरकत मागे हाउसिंगमध्ये जातं, तिथून ॲक्सलच्या सीलमधून ब्रेक लायनिंगवर. वर सांगितलेलं "तेल गायब" ते हेच. दोन्हीकडची पातळी एकाच दिवशी तपासा. पुढे कमी आणि मागे जास्त असेल तर निदान झालं. नुसतं पुढे तेल ओतत राहू नका, ब्रेक निकामी होतील. बाहेरच्या गोळ्यालाही थोडी गळती असू शकते. तिथं शिम कमी-जास्त करून घट्टपणा साधतात, जास्त आवळला तर गोळा अडकतो.

प्लिमथ-डॉजचा जॉइंट क्रॉसचा नसतो. शाफ्टच्या टोकातून आडवी पिन गेलेली, तिच्या दोन टोकांवर सुयांवर फिरणारे गोळे, आणि ते गोळे कवचाच्या दोन खोबणींत पुढे-मागे सरकतात. कोन आणि लांबीतला बदल दोन्ही तो एकटाच सांभाळतो, म्हणून शाफ्टला वेगळी सरकती खोबण देण्याची गरज नव्हती. मला ही रचना फार आवडते. तिचा शत्रू एकच: फाटलेला बूट, म्हणजे जॉइंटवरचं आवरण. तो फाटला की ग्रीस बाहेर, धूळ आत आणि खोबणींत खड्डे. बूट दर पावसाळ्यानंतर बघा. पिन प्रेसनंच बसते आणि दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी बाहेर आली पाहिजे, नाहीतर बॅलन्स जातो. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून कुणी दोन्ही टोकांना साधे क्रॉस बसवून देतो म्हणाला, तर सरकती खोबण कुठं देणार ते आधी विचारा. ती नसेल तर पाटा दबला की शाफ्ट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर धडका देईल. शिवाय हँडब्रेकच्या ड्रमचे बोल्ट तपासा. ते सैल असले तर ड्रमच थरथरतो.

एक्स-चासीच्या शेव्हरोलेत मधल्या बेअरिंगचं रबर बघा. पेचकसानं हलकं उचललं की रबर कवचापासून सुटलेलं दिसतं. ते सुटलं की सुटताना हादरा येतो. "मध्ये भानगडच नको, एकसंध शाफ्ट करून घेऊ," हा सल्ला मानू नका. शाफ्ट जितका लांब तितका तो कमी वेगाला धनुष्यासारखा वाकू लागतो, आणि लांबी दुप्पट झाली तर ती मर्यादा चौथ्या हिश्श्यावर येते. दोन तुकडे आणि मधला आधार याच कारणासाठी आहेत.

१९६१ ते ६३ ची पॉन्टिॲक टेम्पेस्ट समोर आलीच, तर हे सगळं बाजूला ठेवा. तिच्यात गिअरबॉक्स मागे आहे आणि शाफ्ट म्हणजे मुद्दाम खाली बाक दिलेली बारीक पोलादी सळई, युनिव्हर्सल जॉइंटशिवाय. ती सरळ करायची नसते.

इथं थांबा

जॉइंटचा खेळ डोळ्यांनी दिसत असेल तर गाडी चालवूच नका, ट्रकवर टाकून न्या. पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुततं आणि गाडी उचलली जाते. नळीला पोचा असेल, वेल्डला चीर असेल, पिनियनचा फ्लँज वर-खाली हलत असेल किंवा हाउसिंगमधून वेग बदलला की सूर बदलणारी घरघर येत असेल, तर पुढचं काम घरातलं नाही. क्राउन-पिनियनची (हाउसिंगमधल्या दात्यांच्या जोडीची) सेटिंग थाऊंमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत असते. टॉर्क ट्यूब उघडायला संपूर्ण मागचं हाउसिंग मागे सरकवावं लागतं. दोन माणसं, योग्य घोड्या आणि ती गाडी आधी उघडलेला मिस्त्री नसेल तर सुरुवातच करू नका. घोड्यांवर गाडी ठेवून मागची चाकं जोरात फिरवत शाफ्ट बघायचा प्रयोगही करू नका.

शाफ्टची लांबी बदलणं आणि बॅलन्सिंग हे मशीनवाल्याचंच काम. त्याच्याकडे जाताना शाफ्ट सुटा नेऊ नका. दोन्ही नवे क्रॉस, योक आणि खोबण जोडून, रांगेच्या खुणा दिसतील असा न्या. आधी डायल गेजनं नळी किती लटपटते ते मोजायला सांगा. २० थाऊंपेक्षा जास्त असेल तर वजन लावण्याआधी नळी सरळ करा किंवा बदला, कारण वाकडी नळी वजनानं झाकली तर एका वेगाला शांत राहते आणि दुसऱ्याला परत थरथरते. गाडीत सर्वाधिक किती वेगानं जाता आणि मागचं गुणोत्तर किती हेही त्याला लिहून द्या, म्हणजे तो शाफ्ट त्याच फेऱ्यांवर फिरवून बघेल.